मामा रुसले आणि फॉर्म चालू झाला

"काय केलंस गं तू दादाला?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. "माझा फोनच उचलेना. रुसलाय."

दादा म्हणजे माझे मामा. मी कुठे काय केलं होतं? मी तर दोन दिवस हवेत होते! इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि शुक्रवारी माझी पहिली वेबसाइट लाइव्ह झाली होती, म्हणजे जगात कुणालाही उघडता येत होती. माझ्या नावाची! तारनाक्याला आमच्या घरात टाइप केलेलं पान विद्यानगरला मामांच्या फोनवर उघडतं, याचंच मला कोण कौतुक. कॉलेजात दिसेल त्याचा फोन हिसकावून मी साइट उघडून दाखवत होते.

साइट साधीच. फोटो, तीन प्रोजेक्ट आणि खाली कॉन्टॅक्ट फॉर्म. नाव लिहा, मेसेज लिहा, 'सेंड' दाबा. लिंक मी दोनच ठिकाणी पाठवली. फॅमिली ग्रुपवर, आणि इंटर्नशिपसाठी एका कंपनीला. ती इंटर्नशिप मला हवी म्हणजे हवीच होती. कंपनीने कळवलं होतं, "साइट सोमवारी बघू. आवडली तर तिथल्याच फॉर्ममधून बोलावू."

रविवारी आईने मला ओढतच विद्यानगरला नेलं. मामा पेपर वाचत होते. आम्हाला बघूनही त्यांनी तो खाली केला नाही.

"मामा, काय झालं?"

"नक्को बात कर मेरे से." राग आला की मामांच्या मराठीत दखनी हिंदी शिरते. "मोठी वेबसाइटवाली झालीस. मामाला जवाब द्यायला वेळ कुठला!"

"कसला जवाब?"

"शुक्रवारी तुझ्या फॉर्मात लिहिलं की. मराठीत, एकेक अक्षर शोधून. अर्धा तास गेला माझा!"

"मला काहीच आलं नाही, मामा. शप्पथ."

"खोटं नको बोलू. 'थँक यू, मेसेज सेंट' आलं. हिरवी खूणपण आली."

ती हिरवी खूण मीच टाकली होती. वेबसाइटचं पान म्हणजे नुसता दर्शनी भाग. तिथे लिहिलेलं मेलवर पोचवायला मागे सर्व्हर नावाचा दुसरा कॉम्प्युटर लागतो आणि फॉर्म त्याला जोडावा लागतो. मी जोडलाच नव्हता. बटण दाबलं की खूण दाखव, एवढंच सांगून ठेवलं होतं. बाकीचं नंतर करू म्हटलं आणि आनंदात विसरले. उद्या कंपनीने लिहिलं असतं, त्यांनाही हिरवी खूण दिसली असती आणि मी बसले असते वाट बघत.

लॅपटॉप सॅकमध्ये होताच. त्या दिवसांत मी तो देवळातसुद्धा नेला असता. तिथेच जेवणाच्या टेबलावर बसले. फॉर्ममधला मेसेज मेलवर पोचवणारी एक फुकट सर्व्हिस शोधली, तिचा पत्ता कोडमध्ये टाकला, साइट पुन्हा अपलोड केली.

"मामा, परत लिहा ना."

"हौ, मी काय नोकर आहे तुझा?" म्हणत त्यांनी चष्मा लावला.

सेंड. हिरवी खूण. मेल नाही! मामांनी पुन्हा पेपर उचलला. मग मला सुचलं आणि मी स्पॅम फोल्डर, म्हणजे नको असलेल्या मेलची अडगळ, उघडून बघितली. तिथे मामा होते! मी अशी ओरडले की आई धावत आली. मेसेज एवढाच होता: "आता तरी पोचलं का?"

"पोचलं, मामा, पोचलं!"

"मग जवाब दे."

तिथल्या तिथे दिला. पेपर खाली आला.

सोमवारी अकराच्या सुमाराला त्याच फॉर्ममधून कंपनीचा मेसेज आला. इंटरव्ह्यूला बोलावलं होतं! मी गॅलरीत नाचले.

इंटरव्ह्यूत सर म्हणाले, "डिझाइन ठीकठाक है. लेकिन फॉर्म चलता है! बहुत बच्चों का नहीं चलता. टेस्ट कैसे किया?"

"मामा रूठ गए थे, सर."

सगळं सांगावं लागलं. सर पोट धरून हसले आणि मला घेतलं.

आता मी हेच काम पगारावर करते. नवीन साइट लाइव्ह झाली की टेस्टिंग टीमला फॉर्म भरायला देते आणि लिंक मामांनाही पाठवते. टीम हिरवी खूण बघून 'डन' लिहिते. मामा जवाबाची वाट बघतात, आणि नाही आला तर आईचा फोन उचलत नाहीत.