जसोंडीचा डीव्हीडी प्लेयर

बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं त्याला आता बरेच महिने झाले. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतर ते पाटीवर लिहून बोलू लागले, आणि तेही कमीच. आजूबाजूच्या गावांतून लग्नांत मंगलाष्टका म्हणायला ज्यांना मुद्दाम बोलावणं यायचं, तो माणूस आमच्या लोधीपुऱ्याच्या घरात खिडकीपाशी नुसता बसून असायचा.

माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच हट्ट धरला. मंगलाष्टका आजोबांच्याच हव्यात. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, खकनारला दिली आहे. बहिणीच्या लग्नात बाबांनी मंगलाष्टका म्हटल्या होत्या आणि त्या लग्नाची डीव्हीडी तिच्याकडे होती. मायलेकी ती घेऊन आमच्याकडे आल्या.

आमच्या घरातला प्लेयर पातळ, वहीएवढा. तबकडी आत गेली, घरघर झाली आणि पडद्यावर आलं, नो डिस्क. पुसून पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"मामा, हा तर चलतच नाही," भाची रडवेली झाली. "खराब हो गई क्या?"

बाबा खिडकीपाशी बसून आमच्याकडे पाहत होते. त्यांनी पाटी घेतली, लिहिलं, 'जाऊ द्या.'

मी इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान चालवतो. आता मोबाइल आणि रिमोट विकतो, पण एके काळी डीव्हीडी प्लेयरच जास्त खपायचे. गिऱ्हाईक हमखास विचारायचं, हा एवढा मोठा आणि हा एवढासा, फरक काय? मी सांगायचो, तबकडी सगळ्यांत सारखीच, म्हणून डबा तिच्यापेक्षा लहान करता येत नाही. बाकी जागा आतल्या सामानाची. सुरुवातीच्या प्लेयरमध्ये दोन-तीन सर्किट असायची, विजेचा भाग वेगळा, त्याला हवा लागायची, म्हणून डबा मोठा. पुढे सगळं एका छोट्या चिपमध्ये मावलं आणि डबे पातळ झाले. मोठा तो टिकाऊ, असं मात्र नव्हतं. काही मोठे डबे उघडले की आत निम्मी जागा रिकामीच, नुसता रुबाब. टिकणं हे तबकडी वाचणाऱ्या लेन्सवर आणि विजेच्या भागावर असतं. स्वस्त पातळ डब्यांत हे दोन्ही हलके घालायचे, वर सगळं दाटीवाटीनं बसवलेलं. गरम होऊन लेन्स लवकर कमजोर व्हायची.

घरच्या प्लेयरवर सिनेमाची जुनी डीव्हीडी लावून पाहिली. ती सुरळीत चालली. तेव्हा जरा धीर आला. कारखान्यात छापलेली तबकडी कमजोर लेन्सलाही वाचता येते. लग्नाची डीव्हीडी व्हिडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर उतरवलेली असते, तिची चमक मुळात कमी आणि वर्षांनी आणखी उतरते. म्हणजे तबकडी मेलेली नसेलही. तिला चांगली लेन्स हवी होती.

"जसोंडीला काकूकडे तो मोठा प्लेयर आहे ना?" बहीण म्हणाली. "तूच दिला होतास, काकांना भजनं बघायला."

काका गेल्यापासून तो बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच बहीण आणि भाचीला घेऊन निघालो. बाबा येणार नाहीत असं वाटलं होतं, पण ते चप्पल घालून गाडीत आधीच बसले होते.

काकूनं कपाटावरून डबा खाली काढून दिला. दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा, पत्र्याचा. "चालू होईल का रे बाबा?" ती म्हणाली. "मी तर हातबी लावला नाही त्याला."

तिच्या टीव्हीला जोडला. लाइट लागला, पण ट्रे बाहेर येईना. भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी वायर काढून वरचं झाकण खोललं. ट्रे ढकलणारा रबराचा पट्टा ताणून सैल पडला होता, बाकी सगळं जागच्या जागी. बोटानं चाक फिरवून ट्रे बाहेर काढला, लेन्सवरची धूळ कापसानं हळूच टिपली, तबकडी ठेवली, ट्रे तसाच आत घेतला. झाकण लावून वायर जोडली.

तबकडी फिरल्याचा आवाज आला. पडदा काळाच. मग एकदम मांडव, गर्दी, तरुण दिसणारी माझी बहीण, आणि बाबांचा आवाज.

बहिणीनं तोंडावर पदर घेतला. माझं सगळं लक्ष बाबांकडे होतं. ही गोष्ट त्यांना सोसेल की नाही, ही भीती मला आताच वाटली. ते पुढे वाकून ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी कपाळाला हात मारला आणि पाटी मागितली. लिहिलं, 'इथं सूर घसरला. कोणाच्या लक्षात आलं नाही.' आणि खांदे हलवत हसले. ऑपरेशननंतर प्रथमच. काकूही हसली, मग आम्ही सगळेच.

डबा दुकानात नेऊन कॉम्प्युटरला जोडला आणि मी ते सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं, दोन ठिकाणी. पण लग्नात रेकॉर्डिंग लावायला बाबांनी मान हलवून नकार दिला. भाची हिरमुसली. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'मंगलाष्टका जिवंत माणसानं म्हणायच्या.' आणि शेजारी बसलेल्या माझ्या मुलीकडे बोट केलं.

मग रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. ती रेकॉर्डिंग ऐकायची, मागून म्हणायची. बाबा मांडीवर ताल धरायचे आणि चुकलं की बोट वर करायचे. पहिल्या दिवशी बोट वरच राहिलं होतं. "आजोबा, जरा तो रुको," ती वैतागायची. त्याच सुमारास त्यांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, आता लांबच्या तारखेला या. त्या संध्याकाळीही बाबांनी शिकवणी चुकवली नाही.

लग्नात माझी मुलगी म्हणायला उभी राहिली. पहिलं कडवं जरा वर लागलं, दुसऱ्यापासून जमलं. बाबा अंतरपाटाचं एक टोक धरून उभे होते आणि तिच्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते. शेवटपर्यंत त्यांचं बोट काही वर झालं नाही.