ट्रायलभाऊची बॅटरी

बाजारात कुठलीही नवी वस्तू आली की आमच्या बिल्डिंगमध्ये ती सगळ्यात आधी ट्रायलभाऊच्या घरी दिसायची. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तो वायरमन, मी कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस. रिटायर झाल्यावर आम्ही बरेच जण नाशिकरोडला एकाच बिल्डिंगमध्ये राहायला आलो. "ट्रायल घेतल्याशिवाय कळणार कसं?" हे त्याचं कायमचं वाक्य, त्यावरून हे नाव पडलं.

लोक त्याला हसायचे. हसणाऱ्यांत मी पुढे होतो, हे आधीच लिहून टाकतो. नोकरीत असताना त्याने मोबाईल घेतला तेव्हा "गळ्यात घंटा बांधली का रे?" असं मीच विचारलं होतं. आणि माझी मुलगी पिंपळगावला बाळंत झाली तो निरोप त्याच मोबाईलवर आला. भर उन्हात पट्ट्यापर्यंत पळत येऊन त्याने सांगितला. मी पेढा दिला, शब्द मागे घेतला नाही.

विजेची बिनजाळाची शेगडी आणली तेव्हा बायका रांगेने बघायला आल्या. त्याच्याच घरचा चहा पिऊन जिन्यात म्हणाल्या, "चवच नाय बाई." दोन वर्षांत प्रत्येकीच्या ओट्यावर तीच शेगडी. "भाऊ, तुझं बरोबर होतं," असं म्हणायला एकीचं तोंड उघडलं का? नाव नको!

मग त्याने बॅटरीची स्कूटर घेतली. ती मात्र हौस नव्हती. वहिनींची उजवी बाजू लकव्याने गेली होती. आठवड्यातून तीनदा व्यायामाला दवाखान्यात न्यावं लागे. जिना त्या कठडा धरून हळूहळू उतरत, पण रिक्षात त्यांना चढवता येत नसे; या बुटक्या स्कूटरवर त्या नीट बसत. तीन महिन्यांत त्यांच्या उजव्या हाताने कप उचलला. भाऊने दारोदार जाऊन सांगितलं.

तेवढ्यात कोणाच्या तरी फोनवर जळत्या स्कूटरचा व्हिडिओ आला. झालं! जन्मभर बॉयलरच्या पोटाशी उभं राहून डबे खाल्लेली माणसं एका स्कूटरला घाबरली. पार्किंगमध्ये मीटिंग भरली. भाऊ म्हणाला, "अरे, वायर मी स्वतः ओढलीय. हात लावून बघा, गरम तरी होते का." कोणी हात लावला नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी ट्रंकेतून केंद्रातली जुनी लाल टॅग आणून त्याच्या पार्किंगमधल्या चार्जिंगच्या प्लगला तारेने बांधली.

ही टॅग काय, ते सांगतो. केंद्रात मशीनवर माणूस कामाला लागला की स्विचला लाल टॅग बांधायची, म्हणजे कोणी तो चालू करत नाही. ज्याने बांधली त्यानेच काढायची. साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. या नियमामुळेच आपले दोन्ही हात शाबूत आहेत, असं भाऊ म्हणायचा.

त्याने टॅग बघितली. "कोणाची?"

"माझी."

"बरं. मग नाना, तूच काढशील."

दुसऱ्या दिवसापासून तो बॅटरी काढून घरी चार्ज करायला हातात घेऊन तीन जिने चढू लागला. वय अडुसष्ट. पहिल्या मजल्यावर माझ्या दारासमोर ती खाली ठेवायचा, दम खायचा आणि आत आवाज द्यायचा, "नाना, संपलं का काम?"

मी आतून म्हणायचो, "चालू आहे."

बायको म्हणायची, "अहो, माणूस मरंल ना! काढा ती मेली टॅग." मी म्हणायचो, एकदा बांधली ती बांधली. चार लोकांत आपला शब्द आहे. कसला शब्द नि कसलं काय! चौथी नापास माणसाला उभ्या आयुष्यात एकदा मीटिंगमध्ये मान मिळाला आणि तो मी असा वापरला.

पावसाळ्यात एकदा जिन्यात त्याची कंबर धरली. बॅटरी वर जायची बंद झाली, स्कूटर बंद झाली आणि वहिनींचा व्यायामही. रिक्षाने न्यायला अंगात जोर असलेला माणूस लागतो. आम्ही एवढे पुरुष होतो बिल्डिंगमध्ये, एकही गेला नाही. उघडलेली बोटं पुन्हा मिटली. दिवाळीनंतर त्याची मुलगी नामपूरहून टेम्पो घेऊन आली आणि दोघांना घेऊन गेली. टेम्पोत बसताना तो मला म्हणाला, "नाना, काम संपलं की फोन कर."

आता त्याच पार्किंगमध्ये बॅटरीच्या नऊ स्कूटर आहेत. मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याच्या घरी दोन. माझ्या सुनेचीही एक. परवा भिंतीला नवे प्लग बसवायला माणूस आला. मी खाली उतरेपर्यंत त्याने पकडीने माझी टॅग तोडून कचऱ्यात टाकली होती. मी त्याच्यावर इतका ओरडलो की लोक गॅलरीत आले. "कोणाला विचारून काढलीस?" तो म्हणाला, "आजोबा, बिनकामाची होती ना?"

भाऊचा नंबर मला पाठ आहे. रोज फोन हातात घेतो. तो विचारेल, "काढलीस का रे?" आणि मला खोटं बोलता येत नाही.