तिसऱ्या लेखकाला बोंबील कोणी शिकवले?

दिसतेय ना गं भाची? फोनच्या जवळ सरक. अशी लांबून हसू नकोस. आत्याला मोबाइलमधलं काही कळत नाही असं वाटलं होय तुला? कान धरणार आहे तुझा, पण आधी ऐक.

ती कोळीवाड्याची मालिका, किती वर्षं चाललीय देव जाणे, मी आणि माझी शेजारीण पहिल्यापासून बघतो. सातपाटीच्या किनाऱ्यावर टोपलीच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला मी. हात बोंबलांवर, तोंड मालिकेवर. पहिल्या लेखकाच्या वेळी आमचं एकमत होतं. दुसऱ्यानं नायिकेच्या नवऱ्याला दोनदा मारून दोनदा जिवंत केलं, त्याला शिव्या घालण्यातही एकमत. तिसरा आला आणि बिनसलं.

तिला तो आवडला. "त्याची बाई निदान रडत तरी नाय बसत," म्हणायची.

मी म्हणायचे, "रडत नाही, पण बोंबलांना कपड्यांसारखे चिमटे लावते! पहिल्यानं असलं केलं असतं?"

यावर ती टोपली आपल्याकडे ओढायची.

मग एके दिवशी त्याच नायिकेनं दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले आणि जोडी दोरीवर टाकली. अगदी आपल्यासारखी. तेही डाव्या हातानं, उजवं बोट ताठ ठेवून! माझा चहा हातातच राहिला. शिंगाळा माशाचा काटा लागून ताठ झालेलं बोट अख्ख्या किनाऱ्यावर माझं एकटीचं. त्या माणसाला हे सांगणार कोण? रोज समोर बसणारी, आणि तो लेखकही वाचतो त्या मालिकेच्या ग्रुपात नातीकडून त्याची कौतुकं लिहून घेणारी.

त्यानंतर तिनं हाक मारली तरी मला संशय. कालवण पाठवलं तरी वाटे, आता काय काढून घ्यायचंय हिला? शेवटी तोंडावर विचारलं, "माझं बोट पोचवलंस ना त्याला?"

ती अर्धी टोपली टाकून उठली.

आठवड्यानं दारात आली. आत नाही आली, नुसता मोबाइल पुढे धरला. व्हिडिओत माझेच हात, कावळ्यावर ओरडणारा माझाच आवाज. त्याच ग्रुपात टाकलेला, त्या भागाच्या कितीतरी आधी. खाली तुझं नाव, आणि तू लिहिलेलं: 'बघा, बोंबील असे वाळत घालतात. पहिल्या लेखकाला हे ठाऊक होतं.'

म्हणजे भांडलीस माझ्या बाजूनं आणि शिकवून ठेवलंस त्यालाच!

"आता बोल, फितूर कोन?" एवढं म्हणून ती गेली.

माफी मागायला दोनदा गेले. पण आता संशय तिच्याकडे गेलाय. तिच्या लेखकाचं चारचौघांत हसं करायला मीच तुझ्याकडून व्हिडिओ टाकून घेतला म्हणते. मी कपाळावर हात मारला. माझी शपथ चालत नाही. "जिनं टाकला तिला आन," म्हणाली.

एकटीनं टोपली उरकत नाही गं. तळातले बोंबील नरम पडतात, कुणाशी भांडावं तर समोर कुणी नाही. कंपनीत सुट्टी नाही म्हणू नकोस, बोईसर काय दुबईला आहे? या रविवारी ये. रिक्षा आमच्या दाराशी नको, थेट तिच्या दाराशी थांबव. मी बाहेर उभी असेन.