हेलियमची जागा

रोह्याच्या एका शाळेत रसायन शिकवणारे कमळाकर सर नवा माणूस भेटला की मनातल्या मनात त्याला आवर्तसारणीत बसवून टाकत. अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन किती, त्यावर मूलद्रव्याचा गण ठरतो आणि गणावरून स्वभाव, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की वरसे गावातल्या शेजाऱ्यांनाही ते पाठ होतं. "बाहेर एक, पहिला गण. बाहेर दोन, दुसरा गण. तिथं वशिला चालत नाय," असं ते म्हणत. स्वतःची जागा मात्र त्यांना पटत नव्हती. शाळेतलं पर्यवेक्षकपद रिकामं होतं, आणि त्यासाठीच आपला जन्म झालाय याबद्दल निदान त्यांच्या मनात तरी शंका नव्हती.

संस्थेच्या लोकांच्या डोळ्यांत भरावं म्हणून त्यांनी प्रयोगशाळेच्या भिंतीवर भलीमोठी आवर्तसारणी रंगवून घ्यायचं ठरवलं आणि पेणहून मोरूला बोलावलं. मोरू गणपतीच्या कारखान्यातला रंगारी. विसर्जनानंतर त्याचा हात मोकळाच असे. सरांनी त्याला छापील तक्ता दिला आणि रोज एकेक चौकट तपासली. पण मूर्तीचे डोळे शेवटी आखतात, तशी मोरूने सगळ्यात वरची ओळ शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवली. त्या दिवशी सर भाषण पाठ करत होते.

उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आले, सोबत त्यांचे मित्र, रसायनाचे एक निवृत्त प्राध्यापक. पडदा बाजूला झाला, टाळ्या पडल्या आणि सरांची नजर वरच्या ओळीवर गेली. उजव्या टोकाला राजवायूंच्या डोक्यावर असायचा तो हेलियम डावीकडे, हायड्रोजनला खेटून, थेट बेरिलियमच्या डोक्यावर बसला होता.

"हे काय केलंस रे?" सर मोरूच्या कानाशी पुटपुटले.

"वरच्या फळीवर टोकाला एकटाच बारका व्हता, सर. कारखान्यात तसा ठेवला तर येता-जाता धक्का लागून भंगतो. म्हणून जोडीदाराशेजारी सरकवला." मोरूला यात चूक अशी दिसतच नव्हती.

प्राध्यापकांनी चष्मा वर केला. "हेलियम दुसऱ्या गणात कसा?"

सर भाषणाचा कागद उलगडू लागले. तेवढ्यात दहावीतली अजीजा, त्यांची लाडकी विद्यार्थिनी, उभी राहिली. "सर सांगतात, बाहेर दोन म्हणजे दुसरा गण. हेलियमजवळ दोनच हायत. तिथं वशिला चालत नाय."

प्राध्यापक खूश झाले. पुस्तकं हेलियमचा स्वभाव पाहून त्याला राजवायूंत बसवतात, पण इलेक्ट्रॉन मोजले तर हा प्रश्न खराच आहे. मुलांना असा विचार करायला लावणारा शिक्षक विरळा, असं त्यांनी सांगून टाकलं. सरांनी नम्रपणे मान खाली घातली. आपल्याला नेमकं हेच सुचवायचं होतं, असंही ते चहाच्या वेळी म्हणाले. लवकरच ते पर्यवेक्षक झाले. फुकटात दुरुस्ती करायला आलेल्या मोरूला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

मग सराव परीक्षा आली. हेलियमचा गण कोणता, या प्रश्नाला अजीजाने लिहिलं, दुसरा. पुस्तकात अठरावा. सरांनी लाल पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. त्यांना स्वतःची लाज वाटली, नाही असं नाही. पण गुण त्यांनी कापला.

अजीजा पेपर घेऊन त्यांच्या नव्या खोलीत आली. "सर, माझं काय चुकलं?"

"तसं चुकलं नाय गो. पण हेलियमचं कवच दोनातच भरतं, म्हणून तो कुणात मिसळत नाय. त्यापायी त्याला तिकडं टोकाला बसवतात. तो अपवाद हाय."

अजीजाने जरा विचार केला. "मग त्या दिवशी पाहुण्यांना का नाय सांगितलं, सर?"

सर खुर्चीत सावरून बसले. "बेल झाली, वर्गात जा," ते म्हणाले.

बेल व्हायला अजून बराच वेळ होता.