अजून-एक बाई

दवाखान्याच्या तळमजल्यावर व्यायामाची खोली होती. तिथे व्यायाम करवून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईला पेशंट तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘अजून-एक बाई’. नाव कुणी पाडलं ते कळायला मार्ग नव्हता, पण ते तिनं कमावलेलं होतं. गुडघा वाकवताना माणूस दातओठ खाऊन “झालं बाई, झालं” म्हणायला लागला, की तिचं ठरलेलं असे, “अजून एक.” तो झाला की “आता शेवटचा.” आणि शेवटचाही झाला की “हा धरायचा नाही, तुम्ही श्वास रोखला होतात. अजून एक.” लोक मनातल्या मनात तिचा उद्धार करत आणि पुढच्या खेपेला वेळेआधी येऊन बाकावर बसत. कारण बाईंच्या हाताला गुण होता.

त्यातही अंगठ्याला. पालथ्या माणसाच्या पाठीवरून ती दोन्ही अंगठे सावकाश चालवत न्यायची आणि दुखऱ्या जागी आपोआप थांबायची. “इथेच ना?” एवढंच विचारायची. समोरचा “आई गं” म्हणायचा. दुखतंय किती, हे मात्र तिला रीतसर विचारावं लागे. दहापैकी किती? नऊ सांगणाऱ्यांची तिला फारशी काळजी नसे. नऊ सांगणारा त्याच दमात फोन उचलतो, घरी भाजी काय केली ते विचारतो. ती सावध होई ती ओठ आवळून तीन सांगणाऱ्यांपुढे. अशा माणसाचे खरे आठ असतात, आणि ते कबूल करायला त्याला कसली तरी भीती वाटत असते, असा तिचा अनुभव होता.

तर अशा या बाईंच्या उजव्या अंगठ्यानं आता दगा द्यायला सुरुवात केली होती. सकाळी बरणीचं झाकण फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कुणी सुई खुपसावी तशी कळ यायची. काय झालंय ते तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. जन्मभर दाबून दाबून सांधा झिजला होता. शिकत असताना मॅडम कानीकपाळी ओरडायच्या, मुलींनो, अंगठे जपा, कोपर वापरा, मुठीची हाडं वापरा. पण त्या वयात आपली हाडं आपल्याला लोखंडाची वाटतात. आणि कोपराला कळतं काय, दगड! अंगठ्याला कळतं.

मग तिनं एक युक्ती काढली. शक्य त्या सगळ्यांना पालथं झोपवायचं. पालथ्या माणसाला आपल्या पाठीवर काय चाललंय ते दिसत नाही. खांदा दुखो, कंबर दुखो, “पालथे व्हा.” आणि मग कोपर. पाठीला मात्र डोळे नसले तरी अक्कल असते. एक ट्रक ड्रायव्हर नेहमीचा होता, तो उशीत तोंड खुपसून म्हणाला, “बाई, आज हात जड लागतोय.”

“जेवून आलेय,” बाई म्हणाल्या.

तो हसला आणि विषय संपला. तिला हसू आलं नाही.

लपवायचं कारण होतं. बोळाच्या टोकाला मशीनची खोली होती. तिथे पेशंटला तारा चिकटवायच्या, बटण दाबायचं, शेकाची पिशवी ठेवायची आणि घंटा वाजली की सगळं काढायचं. ज्याचे हात गेले त्याला तिकडे पाठवत, आणि तिकडे गेलेलं माणूस उपचाराच्या टेबलापाशी परत आलेलं तिनं पाहिलं नव्हतं. पगार तोच मिळाला असता. पण दिवसभर बटणं दाबायची म्हणजे आपण कोण उरणार, हे तिला कळत नव्हतं. थकवा तर अंगात इतका मुरला होता की संध्याकाळी बसस्टॉपवर उभी असताना ती डोळे मिटून घेई आणि आपली बस जाऊ देई, फक्त आणखी थोडा वेळ कुणाला हात लावायला लागू नये म्हणून.

आणि घरी एक पेशंट वाट पाहत असे.

ही तिची धाकटी नणंद. शाळेत चित्रकला शिकवायची, हसरी, बडबडी, पायाला भिंगरी लागलेली. मध्ये कधीतरी ताप आला, आठवडाभर राहिला आणि गेला. जाताना तिची सगळी ताकद घेऊन गेला. तपासण्या सगळ्या स्वच्छ. दिसायला ठणठणीत, आणि तेच तर तिच्या मुळावर आलं होतं. येणारा जाणारा सल्ला देई. पहाटे उठ, मन रमव, लग्न कर. ती मान डोलवी, कारण मान डोलवायला वाद घालण्यापेक्षा कमी शक्ती लागते.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. गावाची दुखणी निस्तरणाऱ्या वहिनीला घरातलं दुखणं उमगलं नाही. तिनं नणंदेला गुडघ्याचाच नियम लावला. रोज थोडं जास्त. आज फाटकापर्यंत, उद्या कोपऱ्यापर्यंत, दमलीस तरी थांबायचं नाही. कडक झालेल्या सांध्याला हे लागू पडतं, त्याला ढकलावंच लागतं. पण नणंदेचं आखडलेलं काही नव्हतं, आटलेलं होतं. एका बऱ्या दिवशी वहिनीला खूश करायला ती जिना चढून-उतरून आली, शिवाय पडदेही धुतले. पुढे कितीतरी दिवस तिला केसांतून कंगवा फिरवता येईना, खोलीतला दिवा सोसवेना. जरा सावरली की वहिनी पुन्हा हजर, “चल, अजून एक फेरी.” अशा आजारात दमायच्या आधी थांबायचं असतं, असं वहिनीनं कुठेतरी वाचलं होतं. पण वाचलेलं आणि पटलेलं यांत फार अंतर असतं. आत कुठेतरी तिला वाटत होतं, पोरगी मनानं खचलीय, हिंमत कमी पडतेय.

हे एका संध्याकाळी तोंडातून निघालंच. अंगठा ठणकत होता, ओट्यावर चहाचे कप तसेच पडले होते, नणंद भिंतीकडे तोंड करून निजली होती. वहिनी दारातूनच म्हणाली, “तुझं बरं आहे बाई. तुला निदान झोपून तरी राहता येतं.”

नणंद उठली, भिंत धरत ओट्यापर्यंत गेली आणि कप धुतले. एकेक कप, हळूहळू. वहिनीनं तिला धुऊ दिले.

त्यानंतर दोघी कामापुरतं बोलत होत्या.

आणि मग ती शिंप्याची गोष्ट झाली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला म्हातारा शिंपी, मशीनवर पाय मारून मारूनच गुडघा गमावून बसलेला. सगळे त्याला शिंपीकाका म्हणत. व्यायामखोलीच्या कोपऱ्यात लाकडी जिना होता, चार पायऱ्या वर, चार खाली, कुठेच न जाणारा. “काय बाई, एवढं चढून वर माडीसुद्धा नाही,” असा काकांचा रोजचा विनोद. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. पेशंटच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि मागून घट्ट धरून राहायचं, म्हणजे तोल गेला तर आपण सावरायचं. त्या पट्ट्याच्या भरवशावरच माणूस पाऊल उचलतो.

काकांची फेरी झाली. ते घामाघूम झाले होते. “बास का बाई?”

“अजून एक.”

उतरताना त्यांचा पाय थरथरला आणि पट्ट्याला हिसका बसला. नेहमीचाच हिसका, असे तिनं शेकड्यांनी झेलले होते. या वेळी अंगठ्यात वीज चमकली आणि बोटं आपोआप उघडली. तिला पट्टा हातातून जाताना दिसला. काका खाली बसले, पायरीवर धप्पकन.

खोलीत सगळे थांबले. मोठे डॉक्टर, म्हणजे या विभागाचे प्रमुख, नेमके दारात होते. ते धावत आले. गुडघा पाहिला, टाके पाहिले. नशीब थोर, काही झालं नव्हतं. “कसं झालं?” त्यांनी विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं, पण काकाच आधी बोलले. “माझाच पाय घसरला हो डॉक्टर. बाईंनी धरलं म्हणून वाचलो.”

मोठे डॉक्टर बाईंकडे पाहून “शाबास” म्हणाले आणि गेले.

काकांनी तिच्या उजव्या हाताकडे एकदा पाहिलं आणि ते हळूच म्हणाले, “माझ्या बोटांचंही असंच झालं होतं. सुई सुटायची. कुणाला सांगितलं नाही मी.” मग तिचा खांदा धरून ते उठले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला पाडलं, त्यानंच झाकून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं बस जाऊ दिली नाही. घरी आली, आणि अंगातल्या दवाखान्याच्या कोटाची बटणं तिला काढता येईनात. पहिलं निघालं, दुसऱ्याला हात नाही म्हणाला. ती तशीच कोटासकट स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहिली. नवऱ्याची दुपारपाळी होती, तो यायला वेळ होता. नणंद पाणी प्यायला उठली आणि दारात थांबली.

“वहिनी, हात दाखव.”

“काही नाही गं. जरा दुखतोय.”

“दहापैकी किती?”

“तीन.”

नणंद तिच्याकडे पाहत राहिली. तीन सांगणाऱ्यांचे किस्से तिनं याच खुर्चीत बसून, याच वहिनीच्या तोंडून, बरी असताना पोट धरून हसत ऐकले होते. आता ती हसली नाही. तिनं बटणं काढली. तेलाची वाटी कोमट केली, समोर बसली आणि वहिनीचा हात मांडीवर घेतला.

शिकलेली नसली तरी चित्र काढणारी बोटं होती. ती अंगठ्याच्या मुळाशी आली आणि आपोआप थांबली.

“इथेच ना?”

वहिनीला हुंदका आवरला नाही. किती वर्षांत तिच्या हाताला कुणी हात लावला नव्हता. रडता रडताच तिचं लक्ष नणंदेच्या खांद्यांकडे गेलं. धंद्याची नजर, ती कशी जाईल? खांदे वर चढू लागले होते. ओठांभोवती पांढुरकी छटा आली होती. बोटं अजून चालत होती, पण प्रत्येक फेरा उद्याच्या दिवसातून उसना आणलेला होता. वहिनीला ते लख्ख दिसलं, आणि हेही, की इतके दिवस हे असंच दिसत असणार, आपणच पाहिलं नाही.

“बास,” ती म्हणाली.

“अजून एकदा फिरवते. जमतंय मला.”

“जमतंय तेव्हाच थांबायचं.” तिनं डाव्या हातानं नणंदेची बोटं धरून ठेवली. “मी तुला उलटं शिकवलं. चुकलं माझं. आणि त्या दिवशी बोलले, तेही.”

नणंदेनं टेबलावर डोकं टेकलं. “मला वाटायचं, मी खोटंच दमते की काय,” ती म्हणाली. वहिनीनं तिचे केस मागे सारले. दोघींपैकी कुणीही उठून दिवा लावला नाही.

सकाळी दवाखान्यात ती कोट न चढवताच मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे गेली. बाहेर बाकावर शिंपीकाका बसले होते. तिला त्या दाराकडे वळताना पाहून त्यांनी नकारार्थी मान हलवली. नका सांगू. तिनं दार लोटलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पाय काकांचा घसरला नव्हता. पट्टा माझ्या हातून सुटला. अंगठा गेलाय, बरेच दिवस झाले.

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. बोळाच्या टोकाच्या खोलीतली घंटा वाजली आणि बंद झाली.

“दहापैकी किती?” त्यांनी विचारलं.

“आठ.”

त्यांनी समोरची खुर्ची पुढे सरकवली. “बसा,” म्हणाले.

ती बसली.