आत्या कुठून आणायची?

गेल्या रविवारी जळगावला आमच्या घरी नातीचं बारसं होतं. पाळणा सजला, घुगऱ्यांची तयारी झाली, आणि मग लक्षात आलं… नाव ठेवायला आत्याच नाही.

माझा निखिल एकुलता एक. सूनबाई मृणालही एकुलती एक, म्हणजे मामा-मावशीचाही प्रश्न मिटला.

मी रिटायर होईपर्यंत कॉलेजात भूगोल शिकवला. लोकसंख्येचा मनोरा फळ्यावर काढून सांगायचे, की आज खाली मुलांची पट्टी रुंद आहे, पुढे तीच अरुंद होईल आणि वर म्हातारे वाढतील. तो पुढचा काळ आमच्या हॉलमध्येच येऊन बसला होता… पाळण्यात एक जीव आणि भोवती गुडघे चोळणारे आम्ही सगळे.

शेवटी निखिलच्याच आत्याला बोलावलं. म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, एरंडोलच्या अक्का. ऐंशी पार केलेल्या… आणि माझी खरी काळजी इथेच सुरू झाली.

निखिल झाल्यापासून अक्कांचं माझ्यापाशी एकच पालुपद, दुसऱ्या मुलाचं. "एकला नको ठेवू वं, आखो एक व्हऊ दे." मी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडायला शिकले होते. पण मृणालचं बाळंतपण फार जड गेलं होतं, आणि दोघांनी एकाच मुलावर थांबायचं ठरवलं होतं. अक्का चारचौघींत तिला काही बोलल्या तर पोरगी कोसळेल, ही मला धास्ती.

अक्कांनी बाळाच्या कानात नाव सांगितलं… सई. आता रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. पण या वयाच्या पाठीत कोण घालणार? सगळ्या हात उचलून तशाच उभ्या.

"मारा ना वं. मन्ही पाठ आजून धड शे," अक्का वैतागल्या.

हशा पिकला. त्यात शेजारच्या काकू बोलून गेल्या, "आता पुढच्या वर्षी भावाचं बारसं करायला या, अक्का." मृणालने मान खाली घातली. झालं, आता अक्का सुरू होणार, असं म्हणून मी डोळेच मिटले.

अक्कांनी मृणालच्या डोक्यावर हात ठेवला. "काही गरज नई. मन्हा सातमाईन चारच ऱ्हायनात. कोनता ऱ्हास, कोनता जास, समजे नई… म्हनीसन तुन्ही सासूले म्हनू, आखो एक व्हऊ दे. आते डाक्टर शेतस. आते पोरं ऱ्हातस. एक बस शे."

सात बाळंतपणं, आणि हाती लागली चार मुलं.

मृत्युदर आधी खाली येतो, जन्मदर मागून, आणि मधल्या काळात देशाची लोकसंख्या फुगते… हे मी वर्गात कितीदा शिकवलं. त्या मधल्या काळातली बाई माझ्याच घरात येऊन-जाऊन होती. मला जो टोमणा वाटायचा, ती तिची भीती होती.

मला इतकं हायसं वाटलं की सांगता येत नाही. मृणाल डोळे पुसत उठली आणि पहिला धपाटा तिनेच घातला, अगदी हलका.

निघताना तिने अक्कांना त्या तीन लेकरांची नावं विचारली. अक्कांनी ती सांगितली… एका दमात, आजच ठेवल्यासारखी.

आमच्या पाळण्यात एकच आहे, पण ती मोठी होईल हे आम्ही धरूनच चालतो. अक्कांना असं कधीच धरून चालता आलं नाही.