विरोधकांच्या बाकावरची व्हर्ना

व्हर्ना टॉलिव्हर डोनट तळायची ते इतकं निगुतीने, की ट्रकवाले वाट वाकडी करून तिच्या हातचे डोनट खायला येत. लहानपणी तिला फिट यायची; गोळ्या सुरू झाल्यापासून एकदाही आली नव्हती. तरी गोळी ती मैद्याच्या कोठीत लपून घ्यायची. एकदा बाटली गल्ल्यावर राहिली आणि मालक ड्वेन क्रॅबट्रीने ती पाहिली.

"उकळतं तेल आणि फिटची बाई? नको रे बाबा!" म्हणाला आणि त्याच दिवशी तिला घरी बसवलं.

ती कोर्टात गेली, तर तिथे भलताच न्याय. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारने आपला कायदा केव्हाच सुधारला होता: औषध, यंत्र बाजूला ठेवा आणि मग माणसाचं अपंगत्व ठरवा. पण तो क्रॅबट्रीच्या एवढ्याशा दुकानाला लागत नव्हता. लागत होता तो राज्याचा, आणि तो जुनाट. गोळीने बरी आहेस ना, मग तू अपंग कसली, आणि संरक्षण तरी कसलं? मालकाच्या लेखी आजारी, कायद्याच्या लेखी ठणठणीत!

हा कायदा बदलायचं विधेयक राज्याच्या सिनेटच्या समितीपुढे आलं, तशी व्हर्ना साक्ष द्यायला बस पकडून राज्याच्या राजधानीला निघाली. वकिलाने बजावलं, "मंजूर झालं तरी तुझी नोकरी काही परत येणार नाही हं."

"माझी गेली ती गेली. पुढचीची जायला नको."

साक्षीदारांची नावं लिहिणाऱ्याने दारावर विचारलं, "बाजूने की विरोधात?" व्हर्नाचा सगळा राग त्या जुन्या कायद्यावर. "विरोधात!" तिने ठणकावलं. झालं, तिला विरोधकांच्या बाकावर बसवलं, थेट क्रॅबट्रीच्या शेजारी.

क्रॅबट्री आधी बोलला, अगदी साखर पेरत. "आम्ही छोटे दुकानदार. मी कुणाही अपंगाला काढलेलं नाही. कोर्टानेच तसं म्हटलंय." समितीवाले माना डोलावू लागले. अध्यक्ष होते म्हातारे सिनेटर हॅवर्सन. त्यांनी व्हर्नाला पुकारलं.

"साहेब, कानातलं यंत्र जरा काढता?"

सगळे चपापले. हॅवर्सननी हसत यंत्र काढलं. ती बोलत राहिली, ते नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी यंत्र परत घालून म्हणाले, "काय म्हणालीस, बाई?"

"म्हटलं, ते कानात असलं की हा कायदा म्हणतो, तुम्ही धडधाकट. उद्या बहिरे म्हणून तुम्हाला कुणी या खुर्चीवरून उठवलं, तर दाद कुठे मागाल? आणि या ड्वेनला विचारा, मी धडधाकट होते तर मला काढलं कशाला?"

हॅवर्सननी समोरची साक्षीदारांची यादी पाहिली.

"पण तू विरोधात आहेस ना?"

"त्या जुन्या कायद्याच्या!"

एकच हशा पिकला. हिंमत असावी तर अशी, ज्याने पोटावर पाय दिला त्याच्याच शेजारी बसून बोलायची. विधेयक एका मताच्या फरकाने पुढे गेलं, आणि ते मत हॅवर्सनचं होतं. उन्हाळ्यात नवा कायदा लागू झाला.

व्हर्ना आता शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. पहिल्याच दिवशी कॉफीच्या वेळी तिने बाटली टेबलावर सगळ्यांसमोर ठेवली.

"कसली गं गोळी?" शेजारच्या लोरेटाने विचारलं.

"फिटची. साखर सरकव इकडे."

लोरेटाने साखर सरकवली. मग ॲप्रनच्या खिशातून इन्सुलिनचं पेन काढलं आणि तिथेच बसून टोचून घेतलं. इतकी वर्षं ती त्यासाठी संडासात जात होती.